वर्म्सची आगोट: पाऊस लागायच्या आधी सी. एलिगन्स फ्रीज करून कसे ठेवायचे

आमच्याकडे मे संपत आला की घरोघरी आगोटीची गडबड असते. सुकट, सोडे, खारवलेले मासे, आमसुलं, मसाला, तांदूळ, सगळं डब्यात भरून माळ्यावर, कारण एकदा पाऊस लागला की बोटी बंद आणि चार महिने जे घरात आहे तेच खायचं. रत्नागिरीत आमच्या छोट्या लॅबमध्ये पण मी मे महिन्यात तेच करते, फक्त डब्यांच्या जागी क्रायोव्हायल (गोठवायच्या छोट्या झाकणाच्या ट्यूबा) आणि माळ्याच्या जागी -८० चा फ्रीजर. जून लागला की लाईटीचा भरवसा नाही, प्लेटवर, म्हणजे वर्म वाढवायच्या आगरच्या बशीवर, बुरशी चढते ती वेगळीच, आणि ज्या स्ट्रेनसाठी, म्हणजे ठरावीक जनुकांच्या वाणासाठी, सहा महिने क्रॉस केलेत ती एका आठवड्यात हातची जाते. म्हणून हे लिहितेय, खास करून ज्यांनी अजून एकदाही वर्म फ्रीज केले नाहीत त्यांच्यासाठी. काम अजिबात अवघड नाही, पण दोन-तीन जागी हमखास चुकतं आणि त्या सगळ्या चुका मी करून झाल्यात.

वर्म म्हणजे इथे सी. एलिगन्स, मातीत आणि कुजक्या फळांत राहणारी जेमतेम १ मिलिमीटरची सूत्रकृमी. (माझी आई अजूनही शेजारणीला सांगते की आमची जंतांवर काम करते, आणि शेजारीण लगेच विचारते मग पोरांना औषध कुठलं देऊ. ते जंत वेगळे, हे निरुपद्रवी, हे सांगून मी थकले.)

फ्रीज का करायचे, तर पहिली गोष्ट, हे फार भराभर वाढतात. २० अंशाला साडेतीन-चार दिवसांत अंड्यापासून मोठा वर्म तयार, एकेकाला तीनशेच्या आसपास पोरं, आणि बहुतेक सगळे हर्माफ्रोडाइट (नर-मादी एकातच) त्यामुळे जोडीदाराची वाट बघायची गरज नाही. म्हणजे तुम्ही वर्षभर नुसतं प्लेटवरून प्लेटवर चंक करत (आगरचा तुकडा कापून नव्या प्लेटवर ठेवत) राहिलात तर शंभरेक पिढ्या होतात आणि दर पिढीत थोडे थोडे म्युटेशन साचत जातात, मग वर्षाअखेरीस तुमच्या प्लेटवरचा एन२ (सगळ्या लॅब वापरतात ती मूळ स्ट्रेन) आणि शेजारच्या लॅबचा एन२ नावालाच सख्खे. फ्रीजरमधला मात्र आहे तिथेच थांबलेला असतो. सिडनी ब्रेनरने १९७४ साली या वर्मचं जेनेटिक्स मांडलं, आणि गोठवायची पद्धत बसवली ती जॉन सल्स्टनने, २००२ चं नोबेल मिळालेल्या तिघांत हे दोघंही होते. मला विचाराल तर हा वर्म जगभर पसरायला त्याच्या आरपार दिसणाऱ्या अंगाइतकंच त्याचं गोठून परत उठणं कारणीभूत आहे. ड्रोसोफिलावाल्यांना, म्हणजे फळमाशीवर काम करणाऱ्यांना विचारा, बिचारे वर्षानुवर्षं बाटल्या बदलत बसतात. आपण दिवाळीला घरी जाऊ शकतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात या वर्मच्या स्ट्रेनचं मोठं केंद्र आहे, तिथून जगभर हजारो स्ट्रेन पाठवल्या जातात, त्यांचा सगळा खजिना पण असाच गोठवलेला.

आता तत्त्व समजून घ्या, कारण इथे कोकणातल्या माणसाची डोक्यातली समजूत उलटी असते. आमच्या मासळी बंदरावर, मिरकरवाड्याला कुणालाही विचारा, मासळी गोठवायची तर पटकन गोठवा, जितकी पटकन तितकी चांगली. हळू गोठवलेली सुरमई सोडवल्यावर पिचपिचीत होते कारण बर्फाचे मोठे मोठे कण मांस फाडतात. मी पण हेच धरून चालले होते आणि पहिल्या वेळी शहाणपणा करून ट्यूबा थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये सोडल्या. एकही उठला नाही. कारण सुरमईला परत पोहायचं नाहीये, वर्मला चालायचंय. वर्मच्या पेशीच्या आत बर्फाचा कण झाला की खेळ संपला, मग तो लहान असो की मोठा. तेव्हा आपल्याला करायचं असतं ते असं की बर्फ आधी पेशींच्या बाहेर धरू दे, तो बाहेरचं पाणी ओढेल, बाहेरचं पाणी घट्ट होत जाईल आणि आतलं पाणी हळूहळू बाहेर येईल, पेशी थोडी सुकेल, मग गोठेल. याला वेळ द्यावा लागतो, म्हणून मिनिटाला साधारण १ अंश या वेगाने खाली जायचं. आणि सोबत ग्लिसरॉल, जे पाण्याला सरळ बर्फ होऊ देत नाही. हे ग्लिसरॉलचं प्रकरण १९४९ मध्ये कोंबड्याच्या वीर्यावर काम करताना इंग्लंडमध्ये लक्षात आलं, आणि आज आपल्याकडे पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी जे नायट्रोजनचे कॅन येतात ना, त्यातल्या स्ट्रॉमध्ये पण हीच युक्ती आहे.

कुठले वर्म घ्यायचे

सगळ्यात जास्त चूक इथे होते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भुकेली, लहान पोरं घ्यायची. बस्स. एल१ आणि एल२, म्हणजे अंड्यातून निघालेली आणि त्याच्या पुढच्या पायरीची, आणि ती पण ज्यांचं खाणं नुकतंच संपलंय अशी. खाऊनपिऊन टम्म असलेले वर्म जगत नाहीत, मोठे जवळपास सगळे मरतात, अंडी पण नाही कारण अंड्याचं कवच इतकं पक्कं की ग्लिसरॉल आत शिरत नाही. आणि खूप दिवस उपाशी ठेवून डाऊअर (उपासमारीत तग धरायची खास अवस्था) झाले तर ते पण या ग्लिसरॉलच्या पद्धतीत नीट उठत नाहीत. हे शेवटचं ऐकून सगळ्यांना आश्चर्य वाटतं कारण डाऊअर म्हणजे त्यांच्यातला सगळ्यात कणखर गडी, खाण्यावाचून महिनोन् महिने काढतो. पण कणखर असण्यासाठी त्याने अंगावर जाड कातडं चढवलेलं असतं आणि तोंड बंद केलेलं असतं, त्यामुळे औषधही आत जात नाही.

मग वेळ कशी साधायची? माझा अंदाज असा. ६ सेंटिमीटरच्या, ओपी५० (वर्मचं खाणं असलेला बॅक्टेरिया) लावलेल्या प्लेटवर पाच-सहा एल४ (मोठं व्हायच्या आधीची शेवटची पायरी) टाकायचे आणि २० अंशाच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायचं. साधारण सहाव्या-सातव्या दिवशी बॅक्टेरियाची साय संपते. पाचव्या दिवसापासून रोज दोनदा बघायचं, सकाळी आणि जाताना, कारण शेवटचं खाणं एका रात्रीत चट्टामट्टा होतं. आदल्या संध्याकाळी प्लेटवर दुधाळ ठिपका दिसत असतो, सकाळी आगर काचेसारखा स्वच्छ आणि त्यावर पोरंच पोरं, सगळी वळवळत इकडून तिकडे पळतायत, मासळी बाजारात लिलाव सुटल्यावर पळतात तशी. मोठे वर्म बारीक, फिकट झालेले, काहींच्या पोटातच पोरं फुटलेली. ही प्लेट अजून एक दिवस ठेवा, म्हणजे पोटातलं उरलंसुरलं पण जाईल, आणि मग फ्रीज करा. दोन दिवस झाले तरी चालतं. चार-पाच दिवस विसरलात आणि उघडून बघितलं तर बारीक, काळपट, काडीसारखे पडून राहिलेले आणि हात लावला की सुसाट पळणारे दिसले तर ते डाऊअर, त्या प्लेटच्या कोपऱ्याचा तुकडा कापून नवीन प्लेटवर ठेवा आणि परत सुरुवात.

उन्हाळ्यात एसी बंद पडला म्हणून प्लेट टेबलावर ठेवू नका. आमच्याकडे मेमध्ये खोलीत ३२-३३ असतं आणि हे प्राणी १५ ते २५ च्या मधले, २५ च्या वर पोरंच नीट होत नाहीत, वर पाण्याचे थेंब झाकणाला जमून प्लेटभर ओघळतात.

प्लेटवर बुरशी किंवा दुसरा बॅक्टेरिया असेल तर तशीच फ्रीज करायचा मोह होतो, पाऊस तोंडावर आलेला असतो ना. करू नका. बुरशीचे बीजाणू पण गोठवून छान टिकतात, वर्मपेक्षा छान. आधी ब्लीच करा: अंडीवाले मोठे वर्म साडेतीन मिली पाण्यात धुऊन घ्या, त्यात १ मिली ब्लीच आणि अर्धा मिली ५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, अधूनमधून जोरात हलवत राहा, वर्म विरघळले की लगेच सेंट्रिफ्यूज आणि दोन-तीनदा धुणं, दहा मिनिटांच्या पुढे नेऊ नका नाहीतर अंडी पण जातात. ब्लीचची बाटली आपल्या हवेत लवकर मरते, उघडी बाटली उन्हाळाभर कपाटात असेल तर नवीन आणा. यातून मिळालेली अंडी रात्रभर एम९ मध्ये (खाणं नसलेलं क्षारांचं पाणी) नुसती हलवत ठेवली की सकाळी सगळी एल१, सगळी उपाशी, कारण खायला कधी मिळालंच नाही. म्हणजे एका दगडात दोन पक्षी, स्वच्छता पण झाली आणि फ्रीज करायला माल पण तयार. मी हल्ली पावसाळ्याच्या तोंडावर बऱ्याचदा हाच रस्ता धरते.

सोल्यूशन

फ्रीजिंग सोल्यूशन १०० मिली करायचं तर १ मोलर सोडियम क्लोराइड १० मिली, १ मोलर पोटॅशियम फॉस्फेट बफर पीएच ६ चा ५ मिली, ग्लिसरॉल ३० मिली, बाकी पाणी. ऑटोक्लेव्ह करा, गार झालं की ०.१ मोलर मॅग्नेशियम सल्फेट ०.३ मिली. ग्लिसरॉल पिपेटने मोजायच्या भानगडीत पडू नका, पाकासारखं चिकटतं आणि अर्धं पिपेटमध्येच राहतं, वजन करून घ्या, ३० मिली म्हणजे जवळपास ३८ ग्रॅम. यात ग्लिसरॉल ३० टक्के झालं, वर्मचं पाणी समान मिसळल्यावर १५ होणार, तेच हवंय. वर्म धुवायला एस बफर किंवा एम९, दोन्ही चालतं. एस बफर म्हणजे वरचंच, फक्त ग्लिसरॉलच्या जागी पाणी.

यात ०.४ टक्के आगर घालून सॉफ्ट आगरवालं पण करतात. त्याचा फायदा नंतर सांगते. तोटा हा की वापरायच्या आधी वितळवून ५० अंशाच्या वॉटरबाथमध्ये ठेवावं लागतं, आणि वर्म आधी पंधरा मिनिटं बर्फात गार करून मग त्यात मिसळायचे. गरम आगर थेट वर्मवर ओतलात तर कालवण होईल.

प्रत्यक्ष दिवस

ट्यूबांवर आधी लिहा. आधी. कोरड्या असताना. आमच्या दमट हवेत फ्रीजरमधून काढलेल्या ट्यूबवर मिनिटात पाणी सुटतं आणि साधा मार्कर तर स्पिरिटचा बोळा लागला की गेलाच. क्रायो लेबल असतील तर उत्तम, पेन्सिलने लिहिलं तरी टिकतं. स्ट्रेनचं नाव, तारीख, तुमची आद्याक्षरं. जीनोटाइप (जनुकांत काय बदल आहे ते) सगळा ट्यूबवर मावत नाही, तो रजिस्टरमध्ये.

एका स्ट्रेनच्या सहा ट्यूब धरा. पाच-सहा भरगच्च प्लेट, त्यावर मिळून साडेतीन मिली बफर, एकाच बफरने एकेक प्लेट धुत जायचं म्हणजे पाणी वाढत नाही. प्लेट तिरकी धरा, पिपेटने वरून खाली सोडा, परत ओढा. पोरं आगरला फार चिकटत नाहीत, दोन वेळात निघतात. प्लास्टिकच्या टिपेला मात्र चिकटतात तेव्हा काचेची पाश्चर पिपेट असेल तर ती घ्या. साधारण ३ मिली परत मिळतं. प्लेटवर आगराचे तुकडे निघाले तर ट्यूब उभी ठेवून मिनिटभर थांबा, तुकडे खाली बसतात, वरचं घ्या.

आता त्यात तेवढंच, म्हणजे ३ मिली, फ्रीजिंग सोल्यूशन. आणि इथे घाई नको पण आळस पण नको: नीट मिसळा. ग्लिसरॉल जड असतं, तळाला जाऊन बसतं आणि वरून तुम्हाला वाटतं मिसळलं. पाच-सहा वेळा ट्यूब उलटीपालटी करा, उजेडात धरली की आत पाकाच्या रेघा दिसतात, त्या दिसायच्या थांबल्या की झालं. माझ्या एका ज्युनिअरच्या सहा ट्यूबांपैकी पहिल्या दोनमध्ये एक वर्म जगला नाही आणि शेवटच्या दोनमध्ये भरपूर, आम्ही दोघी डोकं खाजवत बसलो, मग कळलं की वरचं पाणी वरच्यावर आधी भरलं गेलं होतं, त्यात ग्लिसरॉल नावालाच.

एकेक मिली १.८ मिलीच्या क्रायोव्हायलमध्ये. गळ्यापर्यंत भरू नका, बर्फ फुगतो.

मग हळू थंड करायचं डबडं. मिस्टर फ्रॉस्टी नावाचा आयसोप्रोपॅनॉल भरलेला डबा मिळतो, तो -८० मध्ये ठेवला की मिनिटाला अंशाच्या आसपास उतरतो, फक्त पाच वेळा वापरला की आतलं आयसोप्रोपॅनॉल बदलायचं, हे सगळे विसरतात. नसेल तर थर्माकोल. १५ मिलीच्या ट्यूबा ज्या थर्माकोलच्या ट्रेमध्ये येतात तो फेकू नका, त्याच्या खाचांत व्हायल ठेवायच्या, वरून दुसरा ट्रे पालथा घालायचा, चिकटपट्टी मारायची. झालं. आम्ही वर्षानुवर्षं यातच करतोय. आंब्याची किंवा मासळीची जाड पेटी घेऊ नका, ती बनवलीच आहे थंडी आत-बाहेर जाऊ नये म्हणून.

हा ट्रे -८० मध्ये किमान १२ तास, म्हणजे संध्याकाळी ठेवा आणि सकाळी या. मध्ये उघडून बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी व्हायल पटापट कायमच्या बॉक्समध्ये हलवा, बाहेर टेबलावर मांडून गप्पा मारत नाही, ड्राय आइस किंवा नायट्रोजन असेल तर त्यावर धरून.

एक उठवून बघा

आणि आता ते, जे केल्याशिवाय माझ्या लॅबमध्ये कुणी फ्रीज केलं असं म्हणायचं नाही. सहामधली एक ट्यूब काढा आणि उठवा. दुसऱ्याच दिवशी, किंवा त्या आठवड्यात तरी. स्ट्रेन अजून प्लेटवर जिवंत असताना. वर्षभराने कळून काय उपयोग की सहाही ट्यूबांत मढी आहेत.

ट्यूब मुठीत धरा. हात गारठतो, दोन-तीन मिनिटांत कडेने पाणी सुटतं, मध्ये बर्फाचा खडा तरंगत राहतो, तो विरघळला की सगळं ओपी५० लावलेल्या मोठ्या प्लेटवर ओता, साय सोडून बाजूला ओतलं तर बरं म्हणजे जिवंत असतील ते स्वतःच्या पायांनी, म्हणजे पाय नाहीत पण समजून घ्या, खाण्याकडे जातील. आणि मायक्रोस्कोपखाली बघा. पहिलं दृश्य बघून घाबरू नका. सगळे सरळ. सुईसारखे, शिंपलेल्या काड्यांसारखे पडलेले. मी पहिल्या यशस्वी वेळी हे बघून प्लेट कचऱ्यात टाकायला निघाले होते. तेवढ्यात एकाची शेपटी हलली. नुसतं टोक, मग थांबलं. मग शेजारच्याचं डोकं एका बाजूला वळलं, झोपेत कूस बदलल्यासारखं. दहा मिनिटांनी पाच-सहा हलत होते, जेवून आले तर सायीच्या कडेला वीस-पंचवीस लागलेले, आणि जे सरळ ते सरळच राहिले. मेलेला सरळ, जिवंत वाकडा, एवढं लक्षात ठेवा.

शंभरातले ३५-४५ उठले तर उत्तम फ्रीज. त्याहून कमी उठले तरी हरकत नाही, ट्यूबमध्ये हजारो असतात, खरं म्हणाल तर एकही जिवंत हर्माफ्रोडाइट स्ट्रेन परत उभी करू शकतो. पण मला कमी आकडा आवडत नाही, कारण कमी आकडा म्हणजे कुठेतरी काहीतरी चुकलंय.

दोन-तीन दिवसांनी दहाएक वर्म वेगवेगळ्या प्लेटवर काढा आणि पोरं बघा, फिनोटाइप (दिसणं-वागणं) तोच आहे ना. ट्रान्सजीन (बाहेरून घातलेलं चमकणारं जनुक) असेल तर चमकतंय ना. हे पण टेस्टमध्येच येतं. एकदा आमच्या हातून एका लेबलची ट्यूब उठवली तर दुसरीच स्ट्रेन निघाली, दोन प्लेट शेजारी शेजारी धुतल्या होत्या आणि पिपेट एकच होती.

सॉफ्ट आगरचा फायदा इथे. त्यातली ट्यूब सगळी वितळवावी लागत नाही, गोठलेली असतानाच जाळून गार केलेल्या चमच्याने वरचा थोडा भाग खरवडून प्लेटवर टाकायचा आणि ट्यूब लगेच परत आत. एकच ट्यूब कितीतरी वेळा वापरता येते. ज्यांना वारंवार तीच स्ट्रेन लागते त्यांनी हेच करावं, साध्या लिक्विडची ट्यूब एकदा सोडवली की संपली, परत गोठवायची नाही.

आणखी एक पद्धत आहे, ग्लिसरॉलच्या जागी ट्रेहॅलोज आणि डीएमएसओ (हे पण गोठवताना पेशी वाचवणारं रसायन). यात वर्म सोल्यूशनमध्ये अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवून मग गोठवायचे. जास्त जगतात आणि डाऊअर पण उठतात, त्यामुळे ज्यांची वेळ साधत नाही त्यांना बरी. ट्रेहॅलोज म्हणजे साखरच, डाऊअर स्वतः पण अंगात ही साखर साठवतो. फक्त महाग पडते आणि सोल्यूशन ऑटोक्लेव्ह न करता फिल्टर करावं लागतं. मी अजून ग्लिसरॉललाच धरून आहे, सवय आणि बजेट दोन्ही.

ठेवायचं कुठे

-८० ला दहा वर्षांच्या वर आरामात टिकतात. लिक्विड नायट्रोजनमध्ये, म्हणजे -१९६ ला, त्याहून जास्त. सायबेरियातल्या गोठलेल्या मातीतून निघालेला एक सूत्रकृमी ४६ हजार वर्षांनी उठला असं २०२३ मध्ये छापून आलं, तेव्हा वर्मच्या बाजूने काही अडचण नाही. अडचण आपल्या बाजूने.

कोकणात लाईट जाते. याला उपाय नाही, याचं नियोजन आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा दापोली-मंडणगडाकडे गावंच्या गावं दिवसेंदिवस अंधारात होती, पुढच्या वर्षी मे मध्ये तौक्ते. पण माझं नुकसान कुठल्या नावाच्या वादळाने नाही झालं, साध्या जुलैच्या शनिवारी झालं. लाईट गेली, जनरेटर चालू झाला, डिझेल संपलं, रविवारी कुणी आलं नाही, फ्रीजरचा अलार्म रिकाम्या इमारतीत ओरडत राहिला असणार. सोमवारी दार उघडलं तर आतून पाणी. आणि मी हुशारीने प्रत्येक स्ट्रेनच्या दोन कॉपी ठेवल्या होत्या, वरच्या रॅकमध्ये एक आणि खालच्या रॅकमध्ये एक. एकाच फ्रीजरमधल्या दोन कॉपी म्हणजे एकच कॉपी, हे मला अकरा स्ट्रेन गमावून कळलं.

तर सहातली एक टेस्टमध्ये गेली. उरलेल्या पाचमधल्या दोन तुमच्या -८० मध्ये, दोन नायट्रोजनमध्ये, आणि एक दुसऱ्या गावात, पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या लॅबमध्ये, ड्राय आइसवर पाठवून. तेवढं जमत नसेल तर निदान दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या फेजवर. नायट्रोजनचं आमच्यासारख्यांना अवघड वाटतं पण त्याला लाईट लागत नाही, हा केवढा मोठा गुण आहे. कॅन भरून कुठून मिळतो हे शोधायचं असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारा, गाडी कधी येते, कोण भरतं, त्यांना सगळं माहीत असतं. लेव्हल दर आठवड्याला लाकडी पट्टीने मोजायची आणि कॅनला लटकवलेल्या वहीत लिहायची.

आणि जपून. नायट्रोजनचा वायू झाला की जवळजवळ सातशेपट होतो, बंद खोलीत ऑक्सिजन हटवतो आणि वास येत नाही त्यामुळे कळत नाही, खिडकी उघडी ठेवूनच काम. ट्यूबच्या झाकणातून नायट्रोजन आत शिरलेला असेल तर बाहेर काढल्यावर ती फटाक्यासारखी फुटते, तेव्हा चेहऱ्यावर शील्ड, हातात जाड हातमोजे, आणि पायात चप्पल नाही. हो, चप्पल. कोकणात सांगावं लागतं.

लाईट गेली तर -८० चं दार उघडायचं नाही, कुणी कितीही म्हणालं नुसतं बघू तरी. रिकामा फ्रीजर लवकर तापतो म्हणून मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, आमच्या फ्रीजरमध्ये खालचा अख्खा कप्पा तोच आहे. आणि जर सुटलंच, ट्यूबा मऊ झाल्या, तर परत गोठू देऊ नका. त्याच दिवशी सगळ्या प्लेटवर ओता, म्हणून पावसाळ्यात ओपी५० लावलेल्या चाळीसेक प्लेट कायम तयार ठेवायच्या, बॉक्समध्ये, १५ अंशाला.

रजिस्टर कागदाचं ठेवा. कॉम्प्युटरवर पण ठेवा, पण कागदाचं ठेवाच, कारण ज्या दिवशी ते लागतं त्या दिवशी लाईट नसते. रॅक, बॉक्स, ओळ, खाना, स्ट्रेन, जीनोटाइप, कुणाकडून आली, कधी फ्रीज केली, टेस्टला किती उठले, कोणी बघितले. ट्यूब काढली की खोडून तारीख. शेवटची ट्यूब कधीच काढायची नाही, दोन उरल्या की एक उठवून नवीन सहा करायच्या. आणि एन२ दर वर्षी फ्रीजरमधून नवीन काढायचा, प्लेटवरचा जुना टाकून द्यायचा, जीव तुटला तरी.

यंदा आमचं वेळापत्रक असं आहे: १० मे पर्यंत सगळ्या प्लेट उपाशी, १५ पर्यंत फ्रीज, २० पर्यंत टेस्ट, आणि उरलेले दहा दिवस ज्या उठल्या नाहीत त्यांच्यासाठी. गेल्या वर्षी तीन नाही उठल्या. दोन मेमध्येच परत केल्या, तिसरी ५ जूनला धो धो पावसात, वॉटरबाथ सुरू केला आणि लाईट गेली, मग आगर चहावाल्याच्या गॅसवर वितळवला. त्यातले चाळीस टक्के उठले.